सतरा नंबरची पेटी

"मॅडम, पोस्टिंग आली. आता पोरांच्या शाळेचं काय करू?"

मी समुपदेशक आहे. जानेवारी उजाडला की हा प्रश्न माझ्या खोलीत येतो आणि एप्रिलपर्यंत मुक्कामाला राहतो. खडकी, दिघी, घोरपडी, वानवडी, पुण्यातल्या लष्करी वस्त्यांमधून आया येतात. नवरा सीमेवर असेल तर एकट्या, सुट्टीवर असेल तर दोघं. आपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी या गावांची नावंच सांगतात की आपल्याकडे घराघरातून माणूस फौजेत जातो. त्या माणसामागे बायको येते, मुलं येतात आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांचीही बदली होते. हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला मी दादा म्हणेन. त्याची चौथीतली बहीण त्याला तशीच हाक मारते.

वडील नायब सुभेदार, मूळ सातारा जिल्ह्यातले. पुण्याआधी पंजाबात बठिंडा, आता बदली आसामात तेजपूरला. दादा आठवीत. आई पहिल्या दिवशी आली ती तीन पर्याय घेऊनच. सगळ्यांनी तेजपूरला जायचं, की तिने मुलांना घेऊन पुण्यात भाड्याने राहायचं, की दादाला गावी आजी-आजोबांकडे ठेवायचं? सासूबाई म्हणत होत्या गावी ठेव. जाऊ म्हणत होती साताऱ्याच्या सैनिक शाळेची परीक्षा द्यायला लाव, नववीतही घेतात. शेजारीण म्हणत होती आसामला पोरांना नेऊन वर्ष वाया घालवू नकोस.

"आणि दादा काय म्हणतो?"

"तो काय, म्हणतो चालेल."

"कशाला चालेल?"

"कशालाही. फार समजूतदार आहे, मॅडम."

समजूतदार हा शब्द ऐकला की मी सावध होते. लष्करी घरांत तो शाबासकीसारखा वापरतात. वडील लांब, आई एकटी, म्हणून मूल हट्ट करत नाही, त्रास देत नाही आणि सगळे त्याचं कौतुक करतात. पण तेरा वर्षांच्या मुलाला तीनही पर्याय सारखेच चालत असतील, तर त्याला एकही नको असतो किंवा त्याने मागणंच सोडलेलं असतं. थोडं विचारल्यावर आईने सांगितलं, मार्क चांगले आहेत, तक्रार काही नाही. फक्त खाली मैदानात क्वार्टरमधली सगळी पोरं खेळतात आणि हा वरून खिडकीतून बघतो. बठिंड्याला अंधार पडला तरी घरात यायचा नाही.

पहिल्या तीन भेटींत मी चूक केली. मी तेजपूरबद्दल बोलत राहिले. नकाशा काढला, ब्रह्मपुत्रा दाखवली, नवी शाळा कशी असेल ते विचारलं, कशाची भीती वाटते ते विचारलं. तो प्रत्येक वेळी "हो मॅडम" म्हणायचा. एकदाच थोडं बोलला. पुण्यात सहावीत आला तेव्हा मराठी सक्तीची. २०२० च्या कायद्यापासून महाराष्ट्रात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावी लागते. घरात मराठी बोलणारा हा मुलगा, पण लिहिण्याची सवय गुरुमुखी आणि हिंदीची. वर्गात वाचताना अडखळला तर कुणीतरी म्हणालं, "साताऱ्याचा ना रे तू?" पंजाबात तो 'मराठा' होता आणि महाराष्ट्रात येऊन परका ठरला. हे सांगताना तो हसला आणि मी ते हसू खरं मानलं.

चौथ्या भेटीला वडील सुट्टीवर आलेले होते. नीटनेटका, मोजकं बोलणारा माणूस. बदलीची तयारी किती चोख आहे हे दाखवायला त्यांनी एक वही आणली होती. काळ्या पत्र्याच्या तेवीस पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, वहीत नंबरापुढे आतलं सामान. एक : भांडी. दोन : रजया, स्वेटर. नऊ : देवघर. मी कौतुकाने पानं उलटत होते. सतरा नंबरापुढची ओळ कोरी होती.

"ही राहिली का लिहायची?"

आई म्हणाली, "ती दादाची. बठिंड्याहून आली तशीच आहे. उघडू देत नाही तो."

अडीच वर्षं एक पेटी न उघडता पलंगाखाली पडलेली होती आणि तीन भेटींत मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आई-वडिलांना मी बाहेर बसायला सांगितलं.

"सतरा नंबरात काय आहे रे?"

तो गप्प. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार घाई होते; ती आवरायला मला बरीच वर्षं लागली. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "माझं नाहीये ते."

पेटीत विकेटकीपिंगचे ग्लोव्ह्ज होते. बठिंड्याच्या मित्राच्या मोठ्या भावाचे. मित्राचे वडील फौजेत नव्हते, त्यांचं तिथेच दुकान. ते कुठे जाणार नव्हते. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, मित्र आजोळी गेला आणि जाताना ग्लोव्ह्ज दादाकडे ठेवून गेला, आल्यावर दे म्हणून. तो यायच्या आत दादा पुण्याला आला होता. बदलीची बातमी त्याला गाडीच्या चार दिवस आधी सांगितली होती.

"मम्मीला का नाही सांगितलंस?"

"सगळे पॅकिंग करत होते."

आणि मग, अगदी हळू, "त्याला वाटलं असेल मी घेऊन पळालो."

दहा-अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःला चोर ठरवलं होतं आणि ते ओझं घेऊन तो सहावी, सातवी, अर्धी आठवी चालला होता. मैदानात जायचं म्हणजे नवे मित्र करायचे आणि एक दिवस पुन्हा असंच निघून यायचं. त्यापेक्षा खिडकी बरी. मी त्याला पुढच्या गावाची भीती वाटते असं धरून चालले होते. तो मागच्या गावातून निघालाच नव्हता.

माझी श्रद्धा पहिल्यापासून या विचारावर आहे, की मूल जागेला चिकटत नाही, माणसांना चिकटतं. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. त्यांना दिसलं, की बॉम्बवर्षावापेक्षा आईवडिलांपासूनची ताटातूट मुलांना जास्त मोडते. हे वाचून मी नेहमी कुटुंब एकत्र राहण्याच्या बाजूने सल्ला देत आले. या मुलाने त्यात भर घातली. आई, वडील, बहीण सगळे बरोबर असूनही मूल एका माणसापासून तुटू शकतं, आणि ते माणूस अकरा वर्षांचा मित्र असू शकतो. मोठ्यांच्या हिशेबात तो मित्र नसतोच.

वडिलांना आत बोलावलं. दादाने स्वतःच सांगितलं, माझ्याकडे बघून, त्यांच्याकडे न बघता. आई रडायला लागली. "अरे, मी त्याच्या मम्मीला फोन केला असता." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आता समजावणीचं भाषण होणार. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही चार्ज सोडताना हँडिंग-टेकिंग करतो. सुईसुद्धा मोजून देतो, सही घेतो, मगच हलतो. पोराचं हँडिंग-टेकिंग राहूनच गेलं."

मला इतक्या वर्षांत जे नेमकं सांगता आलं नव्हतं, ते त्या माणसाने एका शब्दात सांगितलं. तेव्हापासून फौजी घरांशी बोलताना मी हाच शब्द वापरते आणि तो लगेच पोचतो.

पुढच्या आठवड्यात पेटी उघडली. पुण्याच्या पावसाने ग्लोव्ह्जवर बुरशी आली होती, चामडं कडक झालं होतं, आणि दादाचे हात आता त्यात जात नव्हते. त्याने ते पुसले, उन्हात ठेवले, एक पानभर पत्र लिहिलं. वडिलांनी बठिंड्याच्या जुन्या सहकाऱ्याकडून दुकानाचा पत्ता काढला, पार्सल केलं. नऊ-दहा दिवसांनी आईच्या फोनवर एक फोन आला. मित्राचं पहिलं वाक्य होतं, "ओए, तू था कहाँ?" भावाने तेव्हाच नवे ग्लोव्ह्ज घेतले होते. चोर-बीर कुणी म्हटलंच नव्हतं. मित्र मात्र वाट बघत राहिला होता, महिनाभर.

आता मूळ प्रश्न : शाळेचं काय?

सगळ्यात आधी, मुलांना वेळेवर सांगा. "ऑर्डर बदलते, रद्द होते, उगाच कशाला" असं पालक म्हणतात. दादाच्या वडिलांच्याही दोन ऑर्डरी पूर्वी रद्द झाल्या होत्या, म्हणूनच त्यांनी थांबून सांगितलं. पण क्वार्टरमध्ये बातमी लपत नाही. शेजारच्या पोराकडून कळण्यापेक्षा "जायची शक्यता आहे, नक्की झालं की सांगतो" हे आईवडिलांच्या तोंडून ऐकणं बरं. अनिश्चित गोष्ट अनिश्चित म्हणूनच सांगितली तर मुलांना ती पेलते. अभ्यास बिघडेल ही भीती मला तरी फारशी खरी ठरताना दिसली नाही.

मग मुलाचं स्वतःचं हँडिंग-टेकिंग. कुणाचं काय परत द्यायचं, कुणाला काय द्यायचं, कुणाचा नंबर घ्यायचा, कोणत्या शिक्षकांना भेटायचं, हे मुलाने लिहायचं. मोठ्यांनी फक्त त्यासाठी वेळ आणि स्कूटर द्यायची. दादाच्या यादीत सात ओळी होत्या. शेवटची होती, "ग्राउंडवर एकदा खेळणे." त्या संध्याकाळी तो खाली उतरला. निघायला दोन महिने असताना पुण्यातला पहिला मित्र झाला. आईला हे विचित्र वाटलं, मला अजिबात नाही.

बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं, याचं माझं मत स्पष्ट आहे. कुटुंबाला जाता येतं अशी पोस्टिंग असेल तर आठवीपर्यंत बरोबर न्यावं. नववी-दहावी हा एक तुकडा, अकरावी-बारावी दुसरा. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, म्हणून बदल करायचा तर त्या वर्षाच्या सुरुवातीला करणं सोपं. दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेशही पालकांच्या बदलीमुळे मिळतो, पण बोर्डाची परवानगी लागते, धावपळ होते. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊनच सुरू झाली; बदलीच्या मुलांची सोय हाच तिचा हेतू. आर्मी पब्लिक स्कूलचंही तेच. त्यामुळे दादासारख्या मुलाचं वर्ष वाया जाईल ही भीती सोडा. गावच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून एकदम इंग्रजी माध्यमात नेणार असाल तर मात्र आधी दोन-तीन महिने तयारी करून घ्या. तिथे हुशार मुलंही गप्प होताना मी पाहिली आहेत.

फील्ड पोस्टिंग असेल तर कुटुंबाने मागेच राहायचं असतं. तेव्हा सेपरेटेड फॅमिली क्वार्टर (मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीचं लष्करी घर), भाड्याचं घर की गाव, हे शाळेच्या नावावरून ठरवू नका. संध्याकाळी सात वाजता मुलाजवळ कोण असेल, हे आधी बघा. आणि कृपा करून "तुझ्या दहावीसाठी पप्पा एकटे राहतात" असं वाक्य घरात बोलू नका. त्या वाक्याच्या ओझ्याखाली मार्क येतात आणि मूल हरवतं. निर्णय तुमचा आहे, तो तुमच्याच नावावर ठेवा.

कागदांचं थोडक्यात : टीसी, मार्कशीट, लसीकरणाचं कार्ड आणि शिक्षण भत्त्यासाठी लागणारं शाळेचं प्रमाणपत्र निघायच्या आधी घ्या, नंतर तेजपूरहून पुण्याला फोन करत बसावं लागतं. बोर्ड बदलणार असेल तर टीसीवर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते का ते नव्या शाळेला आधीच विचारा. हे फाइलीत तुमच्या हातात ठेवा, पेटीत नको. मुलाची एक पिशवीही त्याच्याच हातात असू द्या. नव्या घरात पहिल्या रात्री स्वयंपाकघर आणि मुलांचा कोपरा एवढं लागलं तरी पुरे, बाकीच्या पेट्या आठवडाभर थांबतात. लहानग्यांना तर तीच चादर, तेच ताट मिळालं तरी घर आल्यासारखं वाटतं. धाकटीची एकच मागणी होती, खालची मांजर पेटीत बसेल का. तिला खरं उत्तर दिलं, ती रडली आणि जेवून झोपली.

ते चौघं एप्रिलअखेर एकत्रच गेले. दादाच्या दहावीचं काय, हे तिथे पोचल्यावर त्याच्याशी बोलून ठरवायचं, असं वडिलांनी जाताना वहीत लिहिलं. सतरा नंबरापुढे दादाने स्वतःच्या अक्षरात, मराठीत, आतलं सामान भरलं होतं.

नोव्हेंबरमध्ये आईचा फोन आला. शाळा बरी आहे, गणिताला नवे सर आहेत वगैरे. मग म्हणाली, "इथं पाचच्या आतच अंधार पडतो, मॅडम. काल सहा वाजले तरी दादाचा पत्ता नाही. टॉर्च घेऊन ग्राउंडवर शोधत गेले. इतकी ओरडले त्याला!"

आणि ती फोनवर हसायला लागली.