बीपी १४६/९४ आलंय, पण त्रास काहीच नाही. मीठ कमी केलं तर गोळी टळेल का?

तुमचं वय ३६, कंपनीच्या तपासणीत १४६/९४, वडिलांनाही बीपी, आणि "काहीच त्रास होत नाही, मग एवढं मनावर घ्यायचं का?" असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात शाळेवर शिक्षिका आहे. पण "त्रास नाही" हे दोन शब्द आमच्या घराला फार महाग पडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, २०१० साली बीपी निघालं. गोळी सुरू झाली, सहा-सात महिन्यांत आकडा १२८/८० वर आला आणि "आता नॉर्मल झालं" म्हणून त्यांनी गोळी आपली आपण बंद केली. नॉर्मल होतं ते गोळीमुळेच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. पुढचं दीड वर्ष त्यांना खरोखर काही होत नव्हतं. रानात जायचे, सायकल चालवायचे. एके दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले आणि उजव्या हातातली किटली सुटली. जीभ जड झाली. अर्धांगवायू. असा झटका मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल तर ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही मात्र "थकवा असेल, मीठ-साखरेचं पाणी द्या, पडून राहू दे" यात अर्धा दिवस घालवला. तो हात पुन्हा कधी चालला नाही.

म्हणून आधी हे सांगते: बीपी बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो, आणि हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट्याने चालतं. डोकं दुखलं तरच बीपी वाढलंय असं समजणारी माणसं मी रोज बघते.

आता तुमचा आकडा. तपासणी शिबिरात रांगेतून उठून लगेच दंडाला पट्टा बांधला असेल, तर एका मोजणीवरून काहीच ठरवू नका. घरी दंडावर बांधायचं मशीन आणा, मनगटावरचं नको. पट्टा दंडाला पुरेल एवढा हवा. आखूड पट्टा आकडा जास्त दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला. मोजताना बोलायचं नाही. सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर ते बीपीच, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ते क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का हे सांगणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम, साखर, लघवी, ईसीजी बघतील. तुमच्या वयात बीपीमागे दुसरं काही कारण आहे का, हेही विचारा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारून ठेवा, कारण त्यानेही बीपी वाढतं. गुडघे-पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वारंवार घेत असाल तर ते नक्की सांगा. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही.

मिठाचं मी स्वतः करून बघितलंय. २०१९ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला १५२/९६ निघालं. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. मी म्हटलं, आमच्याकडे मीठ कमीच खातात. सगळ्यांनाच तसं वाटतं. मग मी एक गोष्ट केली: मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचाभर. आम्ही घरात पाच जण, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. किलोभर मीठ ४० दिवस पुरायला हवं. आमची पिशवी २० दिवसांत संपली. थोडं मीठ भाजी धुण्यात, पाण्यात जातं हे धरलं तरी हिशेब लपत नव्हता. शिवाय यात पापड, सांडगी मिरची, लोणचं आणि जयसिंगपूरचा भडंग नव्हताच. ते वेगळं.

मग कुठे जातं ते शोधायला लागले. आमच्याकडे ताट वाढताना पहिलं मीठच वाढतात, ते ताटातून काढलं. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंच, आणि मी आमटीला आधी मीठ टाकून मग मसाला घालत होते. आता मसाला आधी, मग चव, मग लागलं तर मीठ. मसाल्यातलं मीठ मात्र कमी केलं नाही, तो वर्षभर टिकायला हवा. हाताच्या चिमटीने मीठ टाकायची सवय सोडून चमचा ठेवला. ताकात मीठ नाही, जिरेपूड. भात शिजवताना मीठ बंद. ज्वारीच्या भाकरीत आमच्याकडे मीठ घालतच नाहीत, हे आपल्या जेवणाचं मोठं भाग्य. ब्रेड, खारी, टोस्टमध्ये मात्र ते असतं आणि जिभेला कळत नाही. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर पितात, तीही सोडियमच.

सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस "हे आजाऱ्याचं जेवण" म्हणून ताट बाजूला सारलं. म्हणून सांगते, एकदम तोडू नका. थोडं-थोडं कमी केलं की काही आठवड्यांत जीभच बदलते. आता बाहेरची भाजी त्यांनाच खारट लागते. आमची पिशवी आता ३७-३८ दिवस जाते.

मीठ इतकं का नडतं? सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं आणि तेवढ्याच नळ्यांतून ते ढकलताना हृदयावर ताण येतो, नदीवरून रानात पाणी चढवणाऱ्या मोटारीवर येतो तसा. काहींच्या अंगी ही मिठाची बाधा जास्त असते. पोटॅशियम त्याच्या उलट काम करतं, म्हणून पालेभाज्या, डाळी, फळं. १९९७ साली अमेरिकेत डॅश आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मीठ आणि वजन तेवढंच ठेवून फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, चरबी कमी केली, आणि ज्यांना बीपी होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. हे सगळं आपल्या बाजारात मिळतं.

सोबत मी सकाळी ४० मिनिटं चालायला लागले आणि वजन ७१ वरून ६६ वर आलं. चार महिन्यांनी घरची सरासरी १३८/८६. म्हणजे खूप उतरलं, पण पुरेसं नाही. डॉक्टरांनी छोटी गोळी दिली. मला रडू आलं, वाटलं सगळं वाया गेलं. वाया गेलं नव्हतं; एका छोट्या गोळीवर भागतंय ते त्यामुळेच. आज १२४/७८ असतं, गोळी चालू आहे आणि ती मी स्वतः बंद करणार नाही.

तुमचं वय कमी आहे, आकडा फार वर नाही. बाकी तपासण्या ठीक असतील तर डॉक्टर तुम्हाला आधी काही महिने वजन, मीठ, चालणं, दारू-तंबाखू यांवर काम करायला सांगतील, आणि तेवढ्यावर आकडा खाली येऊ शकतो. नाही आला तर गोळी घ्या. खर्चाची चिंता असेल तर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी तपासणं आणि गोळ्या मोफत आहेत. आणि कधी १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर घरी पाणी पाजत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर आकडा बघण्यातही वेळ घालवू नका.

शेवटी तुम्ही सैंधवाचं विचारलंय. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंग तेवढा वेगळा. शिवाय आयोडीन घातलेल्या मिठासारखं त्यात आयोडीन मिळत नाही. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते उपयोगाचं आहे, पण वडिलांना मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते त्यांना धोक्याचं ठरू शकतं. एकाच घरात एकच मीठ वापरणार, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तोवर घरात आहे त्या पिशवीवर आजची तारीख घाला.