कंबर खरंच दुखते आणि गोळीही सुटत नाही

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, मागावर कामाला होते. २०२१ ला मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली होती, दिवसाला दोन. आता दहा-बारा घेतात, मेडिकलवाला चिठ्ठी मागतच नाही. गेल्या महिन्यात फिट आली. घाबरून मी सगळ्या स्ट्रिप लपवल्या तर दोन दिवसांत जुलाब, नाक गळायला लागलं, रात्रभर पाय आपटत होते, शेवटी मीच परत दिल्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले आधी व्यसन सोडवून या. व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले इथे सगळ्या गोळ्या बंद, कंबरेचं आमच्याकडे नाही. घरचे म्हणतात कंबरेचं नाटक आहे. खरंच नाटक आहे का हो? - एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, नाटक नाहीये. कंबर खरंच दुखतेय आणि गोळीची सवयही खरंच लागलीय, दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी झालंय आणि उपचारही दोन्हीचे एकदमच व्हायला हवेत. आधी हे सोडवा मग ते बघू असं सांगून दोन्हीकडून परत पाठवलेले पेशंट मी खूप बघितलेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण दुखणं तसंच ठेवून सोडलेली गोळी बहुतेक वेळा परत सुरू होते.

आधी फिटचं बोलू, ते सगळ्यात गंभीर आहे. अशा एका गोळीत साधारण ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं, म्हणजे बारा गोळ्यांत ४५० ट्रामाडॉल आणि ३९०० पॅरासिटामॉल झालं. ट्रामाडॉलची दिवसाची हद्द ४०० आहे, त्यावर गेलं की फिटचा धोका वाढतो, आणि इतकं पॅरासिटामॉल रोज म्हणजे लिव्हरवर ताण, त्यात दारू असेल तर अजूनच. फिटबद्दल अजून दाखवलं नसेल तर या आठवड्यातच दाखवा, लिव्हरची रक्ततपासणी पण करून घ्या.

आता गोळ्या लपवू नका प्लीज. तुम्ही जे बघितलंत, जुलाब, नाक गळणं, पाय आपटणं, ते शरीराला सवय झालेलं औषध एकदम तुटल्यामुळे झालं. अमेरिकेत डॉक्टरांनी ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं घाईघाईने बंद केली तेव्हा लोकांचे इतके हाल झाले, काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला, की २०१९ मध्ये तिथल्या औषध खात्याला एकदम बंद करू नका अशी जाहीर सूचना काढावी लागली. वर्षापेक्षा जास्त चाललेली गोळी सहसा महिन्याला १० टक्के अशा बेताने उतरवतात, पण तुमच्याकडे फिट येऊन गेलीय म्हणून किती भराभर उतरवायचं ते डॉक्टरच ठरवतील.

अजून एक, आणि हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. या जातीची औषधं खूप दिवस घेतली की काही जणांची दुखणं जाणवण्याची तारच जास्त ताणली जाते, गोळी वाढते तसं दुखणंही वाढतं, शिवाय गोळीचा असर उतरताना जे अंग ठणकतं ते नेमकं जुन्या जागीच ठणकतं म्हणून वाटतं कंबर बिघडली, गोळी कमी पडतेय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २४० माजी सैनिकांवरचा अभ्यास आला, सगळ्यांना जुनी कंबर-गुडघे-खुब्याची दुखणी, अर्ध्यांना या जातीची औषधं दिली आणि अर्ध्यांना साधी. वर्षभराने चालण्या-फिरण्यात काहीच फरक नव्हता, उलट दुखणं साध्या औषधवाल्यांचं थोडं कमी होतं.

मग करायचं काय, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा आणि ब्युप्रेनॉर्फिनबद्दल विचारा. जिभेखाली ठेवायची गोळी असते, तलफ सांभाळते आणि दुखणंही कमी करते, फक्त दुखण्यावरचा असर सहा-आठ तासच टिकतो म्हणून तोच डोस दिवसातून तीन-चार वेळा विभागून देतात. हे केंद्रातल्या आणि हाडांच्या दोन्ही डॉक्टरांना माहीत असायला हवं! मात्र आधीची गोळी अंगात असताना घेतली तर त्रास एकदम उसळतो, म्हणून ती कधी सुरू करायची ते डॉक्टरच सांगतील, मेडिकलमधून आणून घरी प्रयोग नकोत. जोडीला फिजिओथेरपी, रोज थोडं थोडं वाढवत चालणं, झोप नीट करणं. नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं आहेत, पण त्यातली काही ट्रामाडॉलबरोबर घेतली तर फिटचा धोका वाढतो आणि त्यातल्याच प्रीगॅबॅलिन या औषधाची स्वतःचीच सवय लागू शकते, म्हणून डॉक्टरला बारा गोळ्यांचा खरा आकडा सांगा, लाजून चार सांगू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या बरोबर अजिबात नकोत, श्वास मंदावतो.

ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, त्यामुळे मिस्टरांना भीती असते की सांगितलं तर पोलीस येतील. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्यात संरक्षण आहे, हे त्यांना सांगा. तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय, तिथे मानसोपचार विभागात केस पेपर काढा, ऑपरेशनची फाइल आणि रिकाम्या स्ट्रिप घेऊन जा. जायच्या आधी बोलायचं असेल तर १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. आणि तोपर्यंत गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, रोजच्या रोज मोजून द्या, पण हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या समोर.