चित्रकलेची पदवी घेतलेल्याला वारसा संवर्धनातलं ट्रान्सडिसिप्लिनरी संशोधन कोल्हापुरात राहून करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चित्रकलेची पदवी झाली आहे, कोल्हापूर सोडायचं नाही, रसायनशास्त्राशी बारावीनंतर संबंध आलेला नाही. अशा माणसाला कला, वारसा आणि संवर्धन यांतलं ‘ट्रान्सडिसिप्लिनरी’ संशोधन जमेल का, आणि ते नेमकं असतं तरी काय?

जमेल. मी संवर्धनाचं काम करणारी वास्तुविशारद आहे. जुनी दगड-चुन्याची बांधकामं हा माझा रोजचा विषय, त्यामुळे सांगते ते त्या बाजूने सांगते.

आधी ‘असतं काय’ ते बघू. एखाद्या देवळाबद्दल इतिहासकार, अभियंता आणि रसायनतज्ज्ञ तीन अहवाल लिहितात, ते एका फायलीत लागतात, आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबतं. पुढची पायरी म्हणजे दोन विषयांनी एकमेकांची पद्धत उचलायची. तुम्ही विचारता ते त्याच्याही पुढचं आहे. प्रश्नच असा असतो की तो कुठल्याही एका विषयाच्या हाताला पुरा लागत नाही, आणि तो ठरवायला बसलेल्यांत विद्यापीठाबाहेरची माणसंही असतात: पुजारी, पाथरवट, गवंडी, नाटकाच्या पडद्यामागचे कामगार. सगळं ठरल्यावर त्यांना मुलाखतीपुरतं बोलावलं, तर मी त्याला या प्रकारचं संशोधन म्हणणार नाही.

कोल्हापुरात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगितला जातो. या तारखा दोनदा का येतात हे खगोलशास्त्र चटकन सांगतं. २१-२२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर साधारण सारख्याच अंतरावर त्या आहेत, म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. ही जागा कोल्हापुरातून बघताना ठीक पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला येते.

आता खरी गंमत बघा. नोव्हेंबरात मावळतीची जागा रोज दक्षिणेकडे सरकत असते, फेब्रुवारीत रोज उत्तरेकडे. मग चरण, कंबर, मुख हा क्रम दोन्ही वेळी तोच कसा? एकाच संध्याकाळी किरण वर चढतं हे समजतं, कारण सूर्य खाली जातो तसा झोत वर उचलला जातो. पण तीन दिवसांचा क्रम एका खेपेला उलटा व्हायला हवा होता, असं भूमितीवरून वाटतं. क्षितिजाच्या अडथळ्यांमुळे फरक पडतो का? गाभाऱ्याच्या चौकटींमुळे? की परंपरेने सांगितलेला क्रम आणि प्रत्यक्ष दिसणारं यांत पूर्वीपासून अंतर होतं? हे गणिताने एकट्याने सुटणार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पूजेचा वार, म्हणजे पूजेची पाळी, चालत आला आहे, त्यांनी काय काय बघितलं हा इथे पुराव्याचाच भाग आहे. त्यांच्या आठवणी आणि आजची मोजणी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय प्रश्न नीट विचारताही येत नाही.

आणि मग शहर येतं. मावळतीची जागा या दिवसांत रोज साधारण ०.३ अंश सरकते. १०० मीटर लांबीच्या वाटेवर तेवढ्याने किरण अर्धा मीटर बाजूला जातं. म्हणजे महाद्वार रोडवरचा एखादा वाढीव मजला, पत्रा किंवा पाण्याची टाकी किरण अडवायला पुरेशी होते. अडथळ्यांची चर्चा इथे वर्षानुवर्षं चालू आहे. इथल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी किरणांची तीव्रता मोजतात. हवेतली धूळ, आर्द्रता, ढग यांनीही ती कमी होते. पण ज्या दुकानदाराचा मजला आडवा येतो त्याच्याशी बोलायला भौतिकशास्त्राचा माणूस जात नाही, आणि नगररचनेच्या नियमात ‘सूर्यकिरणांची वाट’ अशी नोंद कशी करायची हे पुजाऱ्याला ठाऊक नसतं. ही सगळी माणसं एका टेबलाशी आणणं हेच संशोधनाचं निम्मं काम आहे. वारसा म्हणून इथे जपायचं ते दगडाबरोबरच एक मोकळी वाटही आहे. दगड जपण्याचे कायदे आपल्याकडे आहेत, मोकळी जागा जपण्याची सवय कमी आहे.

मूर्तीचंच घ्या. पाषाणाची झीज झाली म्हणून मूळ मूर्तीवरचा अभिषेक बंद झाला. २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी मूर्तीवर संवर्धनाची प्रक्रिया केली, २०२४ मध्ये पुन्हा करावी लागली. २०१५ नंतर मस्तकावरच्या नागाच्या चिन्हावरून मोठा वाद झाला. दगडाला कुठलं द्रव्य मानवेल हे रसायनशास्त्र सांगू शकतं. झिजलेल्या भागातलं काय पुन्हा घडवावं आणि काय तसंच ठेवावं हे मूर्तिशास्त्र, जुनी छायाचित्रं, उपासनेचे नियम आणि भाविक या सगळ्यांना मिळून ठरवावं लागतं. संग्रहालयातली मूर्ती आणि पूजेतली मूर्ती यांना एकच नियम लावता येत नाही. वारसा संवर्धनाबद्दलच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजात अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच जोखावा असं म्हटलं आहे. तो दस्तऐवज जरूर वाचा, फार लांब नाही.

दुसरा विषय मला जास्त जिव्हाळ्याचा आहे आणि तो तुमच्यासारख्यांची वाट बघतोय. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं, पुढे ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं गाव हळहळलं. आता पुनर्बांधणीत नकाशे, जुने फोटो, दगड, लाकूड यांचा विचार होतो आणि व्हायलाच हवा. पण माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचायचा, विंगेत कुठे उभं राहिलं की प्रॉम्प्टरचं ऐकू यायचं, पडदा ओढणाऱ्याच्या हाताला दोर कसा लागायचा, हे कुठल्याही नकाशात नाही. ते म्हाताऱ्या नटांच्या, तबलजींच्या, बॅकस्टेजवाल्यांच्या अंगात आहे, आणि त्यांची वयं बघता घाई करायला हवी. ध्वनितज्ज्ञ, अग्निसुरक्षेचा अभियंता, सुतार आणि हे लोक यांना घेऊन कुणी या वास्तूच्या आवाजावर प्रबंध करत असेल, तर मी स्वतःहून मदतीला येईन.

रसायनशास्त्राची भीती मात्र काढून टाका. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुरातत्त्व खात्याचा रसायनतज्ज्ञ आणि विद्यापीठातला वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून ते शोधलं. दोघांनाही एकमेकांचा विषय पुरा येत होता असं नाही, एकमेकांना काय विचारायचं ते कळत होतं. उलट उदाहरण अजिंठ्याचं. १९२० च्या दशकात निजाम सरकारने इटलीहून निष्णात जतनकार आणले, त्यांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. त्या काळी तो उत्तम उपाय वाटला. पुढे तो पिवळा पडला आणि काढत बसावं लागलं.

तुमच्याकडे जे आहे ते आम्हाला विकत मिळत नाही: बघून चित्र काढता येणं. पंचगंगा घाटावर जा. पूर उतरल्यावर तिथल्या एखाद्या लहान दगडी देवळाची एकच भिंत निवडा आणि तिचा दगड न् दगड कागदावर रेखाटा. आपला काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण भिंतीच्या पोटातलं चुन्याचं भरण पितं. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, चुन्याने भरलेल्या असतील तर ते पाणी सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटने भरलेल्या असतील तर वाट बंद होते, ओल आत कोंडते, आणि क्षार दुसरीकडून पांढरी पूड होऊन फुटतात. बहुतेक वेळा नक्षीच्या कडेला, जिथे दगड आधीच सच्छिद्र किंवा पाथरवटाच्या टाकीने (छिन्नीने) दुखावलेला असतो. पांढरा डाग कुठे सुरू होतो, सिमेंटची दर्ज कुठे संपते, शेवाळ कोणत्या उंचीपर्यंत आहे, पपडी कुठल्या थराला सुटते, हे कागदावर उतरवलं की कारण बरंचसं दिसायला लागतं. त्याला आम्ही हानीचा नकाशा म्हणतो. फोटोत सावली आणि ओल यांची गल्लत होते, चित्रात होत नाही, कारण काढणारा प्रत्येक रेघेला विचार करतो. नकाशा झाला की तो एखाद्या जुन्या गवंड्याला दाखवा. चुना किती दिवस भिजवायचा, गूळ-हिरडा कधी घालायचा, हे तो सांगेलच, पण तुम्ही न विचारलेलं काहीतरीही सांगेल. ते लिहून घ्या.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेला रंकाळा आणि कोटीतीर्थही याच नजरेने बघा. ते १९३१ साली गेले. त्यांच्या निसर्गचित्रांतली झाडी, काठ, पाण्याची पातळी आजच्या जागेवर उभं राहून ताडून बघण्याचं काम वनस्पतिशास्त्राच्या मित्राबरोबर सहज सुरू करता येईल. कलावंताने किती स्वातंत्र्य घेतलं हे तुम्ही सांगायचं, झाड कुठलं हे त्याने.

संस्थांबद्दल: शिवाजी विद्यापीठात विज्ञानाचे आणि इतिहासाचे विभाग एकाच आवारात आहेत, तिथे दोन मार्गदर्शक मिळतात का ते आधी बघा. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. कोल्हापुरातल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू आहेत, त्या आधी बघून जा, समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती तर नक्कीच. द्रव्यांच्या चाचण्यांसाठी लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र. मुक्काम कोल्हापुरात ठेवून हे सगळं जमतं. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यामुळे पुढची काही वर्षं इथे कामही भरपूर असेल.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. ज्या गवंड्याने, पुजाऱ्याने, नटाने ज्ञान दिलं त्याची परवानगी घेऊन त्याचं नाव सहसंशोधक म्हणून लावा, आभाराच्या पानावर नको. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला तर त्याचा मराठी गोषवारा करून त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी चूक काढली तर सादर करण्याआधी दुरुस्त करा.