मशीन भारी, तरी मालक नाराज का? डेस्कटॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या डेस्कटॉपवर, त्यातल्या पार्ट्सवर आणि सोबतच्या माउस-कीबोर्ड-मॉनिटरवर तुम्ही खरंच खूश आहात का. उत्तरं भरपूर आली, त्याबद्दल मनापासून आभार. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, लोक सुरुवात करतात "कॉम्प्युटरच बेकार निघाला" अशी आणि पुढे वाचत गेलं की कळतं बाकी सगळं व्यवस्थित चाललंय, दुखणं एकाच पार्टात आहे, कधी कधी तर पार्टातही नाही, एका सेटिंगमध्ये आहे. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये मी आधी ते दुखणं नेमकं कुठे आहे तेच शोधायचा प्रयत्न केलाय.

प्रश्न: ताई, बरेच दिवस पैसे साठवून नवीन पीसी बनवला. चांगलं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, डीडीआर५ रॅम, सगळं निवडून घेतलं. पण जुन्यापेक्षा फार काही फरक वाटत नाहीये. मित्र म्हणतात पैसे पाण्यात गेले. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.
(एक विद्यार्थी)

पाण्यात गेले असं इतक्यात ठरवू नकोस रे, आधी तीन गोष्टी बघ. पहिली म्हणजे पीसीच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे लावलीये ते बघ. मागच्या बाजूला वर मदरबोर्डचे पोर्ट असतात, तिथेच यूएसबी आणि नेटची केबल लागते, आणि तिथे एक एचडीएमआय पण दिसतं, घाईत माणूस हमखास तिथेच केबल खुपसतो. ग्राफिक्स कार्डचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. केबल वर लावलेली असेल तर चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडून येतंय आणि तुझं महागडं कार्ड बहुतेक वेळ नुसतं बसून आहे.

दुसरी गोष्ट, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघड आणि रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, तो किती दाखवतोय ते बघ. नवीन मॉनिटर जोडला की बऱ्याचदा तो ६० वरच राहतो, आपण १४४ चा डबा घरी आणतो आणि वापरतो ६०. ६० ला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं आणि १४४ ला दर ६.९ नी, हा फरक डोळ्यांना कळतोच, नुसता माउसचा बाण गोल गोल फिरवलास तरी कळेल. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल जुनी आहे का बघ, शक्य असेल तर डिस्प्लेपोर्टची लाव.

तिसरी रॅम. डब्यावर ६००० चा वेग लिहिलेला असला तरी डीडीआर५ ची पट्टी पहिल्यांदा चालू होते तेव्हा बहुतेक वेळा ४८०० सारख्या सावध वेगालाच चालते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय लिहिलेला वेग मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खरा वेग दिसतो. आणि दोन पट्ट्या असतील तर त्या शेजारी-शेजारी खोचलेल्या नाहीत ना हेही बघ, चार स्लॉटच्या बोर्डावर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन्ही रस्ते (चॅनल) चालतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतं.

हे सगळं करून बघ आणि मग मित्रांना बोलाव. तू पार्ट्स नीट निवडलेस, ते नीट चालू व्हायचे राहिले असतील एवढंच, आणि नवीन पीसीवर नाराज असलेल्या कितीतरी लोकांचं असंच झालेलं असतं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पार्ट विकताना हे कोणी सांगतच नाही.

प्रश्न: साडेचार स्टार बघून हार्डडिस्क घेतली आणि ती काही महिन्यांत गेली. मग या रेटिंगला अर्थ काय? पुढचा पार्ट घेताना लोकांच्या समाधानावर विश्वास ठेवायचा की नाही?
(घरून काम करणाऱ्या एक वाचक)

तुमचा राग अगदी समजू शकते, त्यातून डेटा गेला असेल तर जास्तच. पण रेटिंग खोटं होतं असं लगेच म्हणता येणार नाही. बॅकब्लेझ नावाची डेटा साठवणारी कंपनी २०१३ पासून स्वतःकडच्या हार्डडिस्कपैकी किती बिघडल्या याचे आकडे जाहीर करते, त्यांच्याकडे गेली काही वर्षं वर्षाला शंभरात साधारण एक ते दोन डिस्क जातात. म्हणजे चांगल्या डिस्कचेही शंभरातले एक-दोन मालक दरवर्षी तुमच्यासारखे चिडलेले असणारच, आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव लोक गप्प असतात कारण डिस्क चालतेय यात लिहिण्यासारखं काय आहे.

दुसरं असं की स्टार हे वस्तूचं माप नाहीये, ते अपेक्षेचं माप आहे. अमेरिकन कस्टमर सॅटिस्फॅक्शन इंडेक्स म्हणून एक मोठी पाहणी १९९४ पासून चालू आहे, त्यात पर्सनल कॉम्प्युटर पण येतात आणि ० ते १०० मध्ये गुण देतात. ते गुण तीन प्रश्नांवरून काढतात: एकंदरीत तुम्ही किती समाधानी आहात, तुमच्या अपेक्षेच्या मानाने वस्तू कशी निघाली, आणि तुमच्या मनातल्या आदर्श वस्तूच्या किती जवळ आहे. यातले दोन प्रश्न सरळ सरळ माणसाच्या मनातल्या चित्राबद्दल आहेत. म्हणूनच साध्या स्वस्त माउसला लोक पाच स्टार देतात कारण तो चालला हेच त्यांना खूप वाटतं, आणि महागड्या माउसला तीन कारण त्याचं सॉफ्टवेअर जरा अडखळलं. दोन्ही खरं बोलतायत, पण त्यावरून स्वस्त माउस जास्त चांगला असं होत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले असतात. "पॅकिंग छान, डिलिव्हरी लवकर, दिसायला मस्त." पॉवर सप्लायचं पॅकिंग छान असून काय उपयोग, तो तीन वर्षांनी उन्हाळ्यात, पूर्ण लोडवर कसा वागतो ते कळायला हवं ना. त्यामुळे मी स्वतः रिव्ह्यू वाचते तेव्हा पाच आणि एक स्टार बाजूला ठेवते आणि तीन-चार स्टारवाले वाचते, त्यातही ज्यांनी वर्षभराने परत येऊन भर घातलीये ते आधी. एक स्टारवाल्यांमध्ये फक्त एवढंच बघते की बिघडल्यावर कंपनीने काय केलं, बदलून दिलं की महिनाभर फिरवलं. बिघाड नशिबाचा भाग असू शकतो पण फिरवाफिरवी नाही, ती तिथली पद्धतच असते. वॉरंटी किती वर्षांची आहे हेही बघा, चांगल्या पॉवर सप्लायला सात किंवा दहा वर्षांची मिळते आणि तो कंपनीने स्वतःच्या मालाला दिलेला रिव्ह्यूच समजा. पॉवर सप्लायवरच्या ८० प्लस ब्राँझ-गोल्ड या शिक्क्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका, तो वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतले कपॅसिटर किती टिकतील ते नाही.

हार्डडिस्क कुठलीही घ्या, बॅकअप ठेवा. एकच कॉपी असेल तर रेटिंग पाच असूनही झोप लागायला नको.

प्रश्न: वायरलेस माउस मध्येच अडकतो, उडी मारतो. दोन माउस बदलले, दोन्ही नावाजलेल्या कंपनीचे, तरी तेच. सेल पण नवीन टाकले.
(एक वाचक)

तिसरा घेऊ नका. सेल नवीन टाकलेत आणि दोन वेगवेगळ्या माउसला तोच त्रास होतोय म्हणजे दोष माउसचा नसणार. तुमचा डोंगल, म्हणजे माउसचा छोटा यूएसबी रिसीव्हर, पीसीच्या मागे लावलेला आहे का, आणि त्याच्या अगदी शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह आहे का? तो निळा पोर्ट यूएसबी ३ चा, आणि त्यातून डेटा ५ गिगाबिट वेगाने जाताना जो रेडिओचा गोंगाट तयार होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, आणि तुमचा माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय, तरी अजून लोक माउस बदलत बसतात. त्यात पीसी टेबलाखाली असेल तर मधे पत्र्याची अख्खी केस येते.

उपाय अगदी साधा आहे. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल वर टेबलावर, माउसजवळ आणून ठेवा. तेवढ्याने बहुतेक वेळा उड्या बंद होतात. केबल मिळेपर्यंत डोंगल पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावून बघा. आणि पहिला माउस टाकून दिला नसेल तर तो काढा परत, बहुधा चांगलाच असेल.

प्रश्न: आमचा डेस्कटॉप जुना आहे. मुलं म्हणतात फेकून द्या, पण मला त्याची सवय झालीये आणि माझं काम म्हणजे हिशेब, पत्रं, फोटो, व्हिडिओ कॉल एवढंच. फक्त चालू व्हायला फार वेळ लागतो. काय करू?
(एक निवृत्त शिक्षक)

सर, फेकू नका. चालू व्हायला वेळ लागतो याचा अर्थ बहुतेक त्यात अजून फिरती हार्डडिस्क आहे. ती मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून जास्त, आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात तेव्हा प्रत्येक वेळी सुई जागेवर जाऊन तबकडी फिरून येण्याची वाट बघते. सेकंदाला शंभर-दीडशेच्या वर अशा खेपा होतच नाहीत. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती अशा खेपा हजारोंनी करते. साधी साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी) घाला, जुन्या मशीनला तीच बसते, आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. बाकी कशाला हात लावायची गरज नाही. मुलांना म्हणावं डेस्कटॉपचं हेच तर सुख आहे की दुखेल तेवढाच भाग बदलता येतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि ठरावीक नवीन प्रोसेसर लागतात, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या अपडेट्सची जादा मुदत दिलीये ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. बँकेचं काम त्याच मशीनवर करत असाल तर हे मुलांकडून आधी बघून घ्या. पुढे मशीन ११ ला चालणार नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघा, तुमची सगळी कामं त्यात होतील, पहिले काही दिवस फक्त बटणं शोधावी लागतील.

प्रश्न: माझ्याकडे इंटेलचा १३ व्या पिढीचा आय९ आहे. दोन वर्षं मस्त चाललाय, पण लोक म्हणतात तो आपोआप खराब होतो. काढून टाकू का?
(व्हिडिओ एडिटिंग करणारा एक वाचक)

चांगला चाललाय तर काढू नका, पण बायोस लगेच अपडेट करा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिप हळूहळू झिजते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवीन मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर, ते बायोस अपडेटसोबत येतं) आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखण्यासाठी आहे, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे लक्ष ठेवा, कारण नसताना सॉफ्टवेअर बंद पडणं, गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा एरर येणं, ही लक्षणं दिसली तर ग्राफिक्स कार्डला दोष देत बसू नका, वॉरंटी काढा. बिल जपून ठेवलंय ना?

प्रश्न: २७ इंचांचा मोठा मॉनिटर घेतला तर अक्षरं २४ इंचीपेक्षा फुटलेली दिसतात. खराब पीस आलाय का?
(अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एक वाचक)

पीस खराब नाही, रेझोल्यूशन कमी पडतंय. दोन्ही १०८० चे (म्हणजे उभ्या रांगेत १०८० ठिपके) असतील तर तेवढेच ठिपके मोठ्या जागेत ताणले गेलेत, २४ इंचावर इंचाला ९२ ठिपके मिळतात, २७ वर फक्त ८२. दिवसभर आकडे वाचणाऱ्याला ते खुपणारच. बदलून मिळत असेल तर २७ इंचात १४४० चा घ्या, तिथे १०९ मिळतात. नसेल मिळत तर विंडोजमधलं क्लिअरटाइप (अक्षरं स्पष्ट करायची सोय) सेट करा आणि मॉनिटर हातभर मागे सरकवा.

प्रश्न: मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय, पण घरात सगळे म्हणतात आवाज नको.
(रात्री लिहिणारी एक वाचक)

या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, त्यातले निळे स्विच टाळ, त्यांचा टकटक आवाज मुद्दाम दिलेला असतो आणि बंद दाराआडूनही ऐकू येतो. लाल घे, किंवा बोटाला हलका धक्का हवा असेल तर तपकिरी. सायलेंट म्हणून वेगळे स्विच मिळतात, रात्री लिहितेस तर तेच बघ. आणि जमलं तर कुणाच्या तरी कीबोर्डवर पानभर टाइप करून मगच घे, कारण हा एक पार्ट असा आहे की दुसऱ्याला आवडला म्हणून तुझ्या बोटांना आवडेलच असं नाही.