फियाट बंगळुरूहून आणायचीय, ट्रकच्या मागं बांधून आणू का?

प्रश्न : अण्णा नमस्कार. आमच्या वडिलांची १९९३ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट आहे, एमएच १३ पासिंग. मोठा भाऊ नोकरीला बंगळुरूला गेला तेव्हा सोबत घेऊन गेला, आता तो रिटायर होऊन तिथलं घर आवरायलाय आणि गाडी चार वर्षं झाली अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी आहे, चालूच होत नाही. वडील गेले, आता गाडी विकवत नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, मामा एक ट्रक भाड्यानं घ्या, दादाचं सामान ट्रकात भरा, गाडी मागं जोडा आणि स्वतः चालवत घरी या, मी इकडं असंच केलं. मला गाडी जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी दारात पाहिजे. असं करता येईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाचा काही थापा मारत नाहीये. तिकडं यू-हॉलसारख्या कंपन्या ट्रक देतात, त्याच्यामागं लावायला अख्खी गाडी चढवायचा ट्रेलर देतात नाहीतर नुसती पुढची दोन चाकं उचलणारी डॉली देतात, आणि या गावात घेतलेला ट्रक पार दुसऱ्या गावात नेऊन सोडला तरी चालतो. तरीसुद्धा मागं गाडी असेल तर ताशी ५५ मैलांच्या वर जाऊ नका असं ते बजावून सांगतात, म्हणजे आपले ८८ किलोमीटर. आपल्याकडं ट्रक भाड्यानं म्हणजे ड्रायव्हरसकट, मालक त्याच्या गाडीची चावी तुमच्या हातात देणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. ट्रेलरला पण इथं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. त्यामुळं भाच्याचा प्लॅन आहे तसा इथं जमणार नाही.

मग लोक दुसरा शॉर्टकट काढतात, ट्रकला दोरखंड बांधायचा आणि टोचन करत आणायचं. कृपा करून करू नका. टोचन हे बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नाहीतर पेट्रोल पंपापर्यंत न्यायला असतं, नियमही तेवढ्यापुरतीच परवानगी देतो, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही. बंगळुरू ते सोलापूर सहाशे किलोमीटरच्या पुढं आहे. त्यात तुमची फियाट म्हणजे मागच्या चाकावर चालणारी गाडी, पुढून उचलून मागची चाकं रस्त्यावर फिरत ठेवली तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट फिरतो, त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळं आतल्या बेअरिंगपर्यंत ऑइल नीट उडत नाही आणि शे-दोनशे किलोमीटरात गिअरबॉक्स जळतो. शाफ्ट सोडून आणता येतं म्हणा, पण चार वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे टायर, ब्रेक, व्हील बेअरिंग यांचा भरवसा कोण देणार. शिवाय गड्ड्याच्या आधी म्हणजे ऐन ऊसाचा सीझन, विजापूरकडून आपल्याकडं येताना रात्री ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. त्या गर्दीत दोरीला बांधलेली फियाट नको.

गाडी ओढायची नाही, वर घ्यायची. आता कशावर घ्यायची ते सांगतो.

एक म्हणजे फ्लॅटबेड, हायड्रॉलिकवर बेड तिरका होऊन खाली टेकतो आणि विंचनं गाडी वर ओढून घेतात. सगळ्यात सोपं, पण महाग, कारण तो जाताना तुमची गाडी घेऊन जातो आणि येताना रिकामा येतो, दोन्ही बाजूचं भाडं तुमच्याच डोक्यावर. दुसरं म्हणजे नव्या गाड्या वाहणारे मोठे कार कॅरियर, ते सुट्टी एखादी गाडीही घेतात पण मोठ्या शहरातून मोठ्या शहरात, सोलापूर म्हटलं की पुण्यात उतरवू का हैदराबादला असं विचारतात. तिकडून परत अडीचशे-तीनशे किलोमीटरचं वेगळं भाडं.

मी तुमच्या जागी असतो तर रिटर्न ट्रक धरला असता. आपल्या मार्केट यार्डातून कांदा घेऊन बंगळुरूला गाड्या जातात, त्या परत यायला माल शोधत असतात. १४ फुटी आयशर बघा. पद्मिनीची लांबी चार मीटरला जरा कमी, म्हणजे १३ फुटांत बसते, वजन नऊशे किलोच्या आसपास, त्या ट्रकला ते काहीच नाही. अशा ट्रकला साधारण आठ-नऊचं ॲव्हरेज धरलं तर एका बाजूला ७०-७५ लिटर डिझेल जातं, हा हिशोब मनात ठेवून मग भाव करा. बोलताना टोल कोणाकडं, हमाली कोणाकडं, आणि लोडिंगला ट्रक खोळंबला तर दिवसाचे किती, हे तिन्ही आधीच बोलून घ्या, नंतरची भांडणं सगळी त्यावरच होतात. दादाचं सामान मात्र याच ट्रकात मावणार नाही, १४ फुटात गाडी गेली की फूटभर जागा उरते. आणि गाडीच्या आत सामान कोंबू नका, काचेवर आदळून काच जाते, फियाटची काच आता शोधत फिरावं लागेल.

खरी कसरत चढवायची आहे. ट्रकचा हौदा छातीएवढ्या उंचीवर असतो आणि तुमची गाडी बेसमेंटमध्ये, तिथं ट्रक शिरत नाही. म्हणून दोन टप्पे करा. आधी तिथला मेकॅनिक बोलावून हवा भरा, चाकं मोकळी करून घ्या, चार वर्षांत ड्रम ब्रेकचे शूज चिकटलेले असणार, हँडब्रेकची केबल पण जाम असते. गाडी हातानं ढकलून सरकली पाहिजे, हे ट्रक बोलवायच्या आधीच बघायचं, ट्रक दारात उभा करून नाही. मग तिथलाच लोकल क्रेनवाला बेसमेंटमधून वर काढून देईल आणि फ्लॅटबेडवर टाकून ट्रान्सपोर्टवाल्याच्या धक्क्यावर, म्हणजे माल चढवायच्या उंच ओट्यावर नेईल. धक्का आणि हौदा एका लेव्हलला आले की हौद्याचा मागचा फाळका पाडून गाडी सरळ आत ढकलता येते. इकडं उतरवायलाही धक्काच लागेल, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कोणी टॉवेल-चादरीवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडं अर्धा तास मागून घ्या. जेसीबीच्या बकेटला पट्टा लावून गाडी उचलणारे वीर भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.

एक गंमत सांगतो. माझ्या गॅरेजच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही अशीच एक फियाट ट्रकात घातली, मी स्टिअरिंगवर बसलो, पोरांनी ढकलली, गाडी मस्त आत गेली आणि मग लक्षात आलं की दार उघडत नाहीये. हौद्यात दोन्ही बाजूला जेमतेम वीतभर जागा राहते. काच बंद, ती खाली करायचं हँडल तुटलेलं. पंधरा मिनिटं आत बसलो, बाहेर पोरं हसून लोळायलेली, शेवटी मागच्या काचेतून निघालो. तर काचा आधी खाली करून ठेवा, आणि ब्रेक लागत नसेल तर आत कोणी बसूच नका, दोघंजण चाकाबरोबर उटी, म्हणजे चाकाखाली लावायचा ठोकळा घेऊन चाला.

बांधताना बंपरला बांधायचं नाही, लोक हमखास बंपरलाच बांधतात कारण तो समोर दिसतो. पट्टे चाकांवरून घ्या नाहीतर खाली ॲक्सलला. चाकांवरून यासाठी की गाडी स्प्रिंगवर हलत राहते, बॉडीला बांधलं तर प्रत्येक खड्ड्याला पट्टा ढिला होतो. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे खिळ्यानं फळीला ठोकून घ्या, नुसते ठेवले तर ते तुमकूरच्या आधीच कोपऱ्यात जाऊन बसतात. गाडी गिअरमध्ये, बॅटरीची वायर काढलेली, टाकीत पेट्रोल अगदी कमी. चार वर्षांचं जुनं पेट्रोल काढूनच टाका, नाहीतरी ते कामाचं नाही. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळायला लावा, पहिल्या टप्प्यातच ते सैल होतात. ताडपत्री घालताना खाली गोधडी टाका, ताडपत्री वाऱ्यानं फडफडून पेंट घासून काढते.

रस्ता बहुतेक चौपदरी आहे, तुमकूर, चित्रदुर्ग, होस्पेट, मग विजापूर आणि सोलापूर. रेल्वेचं विचारणार असाल तर, २०२० च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूजवळच्या नेलमंगलापासून थेट आपल्या बाळे स्टेशनपर्यंत रो-रो सुरू झाली होती, एका फेरीत ४२ ट्रक वॅगनवर चढवून आणायचे. पण ती भरलेल्या ट्रकांसाठी, एकट्या फियाटला त्यात कोण बसवणार.

कागद : आरसीची झेरॉक्स, तुमच्या आणि दादाच्या ओळखीचे कागद, आणि गाडी स्वतःच्या वापराची आहे, विक्रीची नाही असं एक सही केलेलं पत्र ड्रायव्हरकडं द्या, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर गाडीचा नंबर आणि चासी नंबर लिहून घ्या. चढवायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आणि एक, १९९३ ची गाडी म्हणजे १५ वर्षांची मुदत कधीच संपली, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू केली होती का ते आरसीवर बघा. नसेल तर गाडी चालू झाली तरी दुरुस्त करून चालवत आणायचा मोह नको. वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावानं करायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो.

प्रश्न : पुण्याहून येताना टेंभुर्णीजवळ आमची ऑटोमॅटिक गाडी बंद पडली, क्रेनवाला पुढची चाकं उचलून नेतो म्हणाला, मी नको म्हणालो आणि तीन तास फ्लॅटबेडची वाट बघितली. घरचे अजून बोलायलेत. चुकलं का माझं?
— होटगी रोड

उत्तर : गाडी पुढच्या चाकावर चालणारी असेल तर पुढून उचलून नेलेली चालली असती, ऑटोमॅटिक असली तरी, कारण फिरणारी मागची चाकं गिअरबॉक्सला जोडलेलीच नसतात. मागच्या चाकावरची किंवा चारही चाकांवर चालणारी असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. इलेक्ट्रिक असेल तर फ्लॅटबेडशिवाय हातच लावू द्यायचा नाही. पण तीन तास हायवेच्या कडेला बसायची गरज नव्हती, १०३३ या हायवेच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर हायवेची क्रेन येऊन निदान सुरक्षित जागी लावून देते. घरच्यांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवू नका.

प्रश्न : टोइंगचे पैसे इन्शुरन्समधून मिळतात का?
— सात रस्ता

उत्तर : फुल इन्शुरन्स असेल आणि ॲक्सिडेंट झाला असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचे, कारसाठी साध्या पॉलिसीत १५०० रुपयांपर्यंत. नुसती बंद पडली तर त्यात नाही, त्याला रोडसाइड असिस्टन्सचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि त्यात किती किलोमीटरपर्यंत फुकट ते आधी वाचा. नुसती थर्ड पार्टी असेल तर खिशातूनच. ट्रकावर घालून आणताना गाडीला काही झालं तर मात्र फुल इन्शुरन्समध्ये रस्त्यानं, रेल्वेनं नेतानाचं नुकसान धरलेलं असतं. जुळे सोलापूरच्या वाचकांनी हेही वाचावं, फियाटचा इन्शुरन्स चालू असेल तर.