गावातल्या रस्त्याच्या कामाची बिलं ग्रामपंचायतीकडून कशी मिळवायची? (तासगाव, जि. सांगली)

नक्की मिळतात, आणि कारण सांगायची गरज नाही. माहिती अधिकार कायदा 2005 मधल्या कलम 6(2) मध्येच तसं लिहिलंय. जोडपत्र 'अ' (माहिती मागण्याच्या अर्जाचा नमुना) भरा, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, जन माहिती अधिकारी (माहिती द्यायची जबाबदारी असलेले) म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

खरी मेख प्रश्नात असते. मी पहिल्यांदा "रस्ता निकृष्ट का झाला?" असं विचारलं होतं, उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. बरोबरच होतं, 'का' हा कागद नसतो. मग अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), मोजमाप पुस्तिका आणि बिलाच्या प्रती मागितल्या. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन रस्त्यावर जा, दोन्ही आकडे ताडून बघा!

प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात आवर्जून लिहा. तिथेही दाद नाही मिळाली, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील.