नवी नळी, बदलते चोक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : माझी बारा बोअरची जुनी रेमिंग्टन ८७० पंप शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) आहे. नळी फिक्स फुल चोकची, म्हणजे तोंडाशी कायमची घट्ट आवळलेली. चोक ट्यूब (तोंडाशी बसवायची, आवळ बदलणारी छोटी नळी) बसणारी वापरलेली नळी मिळतेय, पण तिच्यावर ‘तीन इंची चेंबर’ (काडतूस बसतं ती जागा) असं कोरलंय आणि माझी बंदूक पावणेतीन इंची आहे. चालेल का?

नळी बसेल. ८७० ही बंदूक १९५० पासून बनते आहे आणि तिच्या बारा बोअरच्या पावणेतीन व तीन इंची नळ्या एकमेकींच्या जागी बसतात, मग ती विंगमास्टर आवृत्ती असो की एक्स्प्रेस. ८७० च्याच साडेतीन इंची सुपर मॅग्नम आवृत्तीचा हिशेब मात्र वेगळा. तिची नळी आणून बसवायच्या फंदात पडू नका.

तीन इंची नळी लावली म्हणून तुमची बंदूक तीन इंची होत नाही. काडतूस पावणेतीन इंचीच वापरायचं. बंदुकीची बॉडी त्याच मापाची आहे, त्यामुळे उडालेलं लांब टरफल बाहेर पडताना अडकतं. उलटा प्रकार जास्त वाईट. बॉडी तीन इंची, नळी पावणेतीन इंची आणि वर तीन इंची काडतूस! काडतुसाची लांबी टरफल उघडल्यानंतरची मोजतात. न उडालेलं लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये गुपचूप बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागाच उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. बॉडी आणि नळी या दोन्हींवर कोरलेल्या मापांत जे लहान, तेच खरं धरा.

वापरलेली नळी घेताना आणखी एक बघा. ८७० मध्ये बोल्टचा (काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या भागाचा) लॉकिंग ब्लॉक नळीच्याच मागच्या टोकातल्या खाचेत शिरून अडकतो. त्या खाचेच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर नळी नाकारा. नळी चढवल्यावर बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. ॲक्शन (बोल्ट मागे-पुढे नेणारी यंत्रणा) पूर्ण बंद होते का, नळी जागेवर हलते का, ते पाहा. मग पहिला बार टाकण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस गेजने (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली जागा मोजणाऱ्या मापाने) तपासून घ्या. हा खर्च वाचवू नका.

प्रश्न : मग मॉडेल एकच असेल तर कुठलीही नळी बसते, असं समजायचं का?

मुळीच नाही. मॉसबर्ग ५०० चं उदाहरण घ्या. नळीचा कडीसारखा भाग मॅगझिन ट्यूबच्या (नळीखालच्या, काडतुसं भरायच्या नळकांडीच्या) टोकाला अडकतो, म्हणून सहा काडतुसांच्या बंदुकीची नळी आठ काडतुसांच्या बंदुकीला लागत नाही. रेमिंग्टन ११०० सारख्या गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत नळीतली गॅसची भोकं काडतुसाच्या ताकदीप्रमाणे ठेवलेली असतात. साध्या बंदुकीला मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसांची) नळी लावली तर हलक्या काडतुसांवर बोल्ट पूर्ण मागे येत नाही.

दुनळीचं तर बोलायलाच नको. तिथे नळ्या हाताने घासून, काजळी लावून, ॲक्शनला चिकटून बसेपर्यंत जुळवलेल्या असतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या वरवर बसल्या तरी ते बसणं नव्हे. दुसरा जोड हवा असेल तर बंदूक कारागिराकडे द्या आणि तिथेच जुळवून घ्या.

प्रश्न : माझ्या चोक ट्यूबवर नावं नाहीत, फक्त कडेला खाचा आहेत. कुठली कोणती?

बहुतेक युरोपीय बनावटीत खाचा जितक्या कमी तितका चोक घट्ट. एक खाच फुल, दोन इम्प्रूव्हड मॉडिफाइड, तीन मॉडिफाइड, चार इम्प्रूव्हड सिलिंडर, पाच सिलिंडर. ट्यूबच्या अंगावर चांदण्या असतील तर त्या मात्र प्रत्येक कंपनी सारख्या मोजत नाही. आपल्या बंदुकीचं पुस्तक उघडा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेलं आकुंचन. बारा बोअरचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. तोंडाशी पाव मिलिमीटर कमी झाला की इम्प्रूव्हड सिलिंडर, अर्धा कमी झाला की मॉडिफाइड, नऊ-दशांशाच्या पुढे फुल. जुना ठोकताळा ४० यार्डांवरच्या ३० इंची वर्तुळाचा आहे. त्यात सिलिंडर ४० टक्के छर्रे टाकतो, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०.

आता खरी मेख. मोजायचा तो नळीचा आणि ट्यूबचा फरक, ट्यूबचा नुसता व्यास नव्हे. ब्राउनिंगच्या इन्व्हेक्टर प्लससारख्या बॅक-बोअर नळ्या मुळातच रुंद असतात. म्हणून एकाच आतल्या व्यासाची ट्यूब एका बंदुकीत मॉडिफाइड ठरेल, तर दुसरीत जवळजवळ फुल.

प्रश्न : मित्राच्या बंदुकीची ट्यूब माझ्या नळीत तीन-चार आटे गेली आणि थांबली. थोडा जोर लावू का?

जोर लावू नका, ती काढून परत द्या. बेरेटाची मोबिलचोक आणि ऑप्टिमाचोक एकाच घरच्या, तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. उलट विंचेस्टरची विनचोक, ब्राउनिंगची जुनी इन्व्हेक्टर आणि मॉसबर्ग ५०० ची ॲक्यू-चोक यांचे आटे एकच आहेत. तेव्हा अंदाज नको, पद्धतीचं नाव जुळलं पाहिजे.

अर्धवट बसलेल्या ट्यूबमागे फट राहते, तिच्यात गॅस शिरतो आणि पातळ कडा उचलली जाते. मागून येणारा वॅड (छर्ऱ्यांमागचं बूच) आणि छर्रे त्या कडेवर आदळले की ट्यूब तर जातेच, नळीचं तोंडही फुगतं. बसवल्यावर नळी काढून, चेंबरच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहा. ट्यूबची मागची कड आत डोकावता कामा नये. ती नळीच्या भिंतीपेक्षा किंचित मागे दबलेलीच हवी. ट्यूब न लावता बार काढणंही तितकंच वाईट, उघडे आटे खराब होतात.

प्रश्न : लांब पल्ल्यासाठी २६ ऐवजी ३० इंची नळी घेऊ का?

पल्ल्यासाठी नको. इंचामागे वेग सेकंदाला पाच-दहा फुटांनी बदलतो, तोही बाराशेच्या आसपासच्या वेगात. लांब नळीचा फायदा झुलवण्यात आहे. ती उडत्या तबकडीमागे संथ आणि एकसारखी फिरते. ट्रॅपला (तबकडी समोर दूर जाते तो खेळ) लांब, स्कीटला (तबकडी जवळून आडवी जाते तो) किंवा झाडीत आखूड.

प्रश्न : आजोबांच्या फुल चोक दुनळीतून स्टीलचे छर्रे चालतील का?

नाही. शिसं चोकमध्ये दबतं, स्टील दबत नाही. जुन्या पातळ नळीच्या तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. स्टीलसाठी तशी खूण असलेली नळी आणि ट्यूब हवी, आणि चोकही साधारण मॉडिफाइडपर्यंतच. स्टीलच्या छर्ऱ्यांचा घोस तसाही एक पायरी घट्ट पडतो.

प्रश्न : नवी नळी, पाच ट्यूब. आता ठरवायचं कसं?

कागदावर. मोठा कोरा कागद ताणून लावा, मागे सुरक्षित बांध हवा. मध्यावर ठिपका काढा आणि ज्या अंतरावर तुमचं लक्ष्य फुटतं त्याच अंतरावरून मारा. स्कीटच्या माणसाने ४० यार्डांवर कागद लावून काही कळत नाही, त्याची तबकडी त्याच्या निम्म्या अंतरावर असते. बार झाल्यावर छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. २८ ग्रॅमच्या, साडेसात नंबरच्या (हा छर्ऱ्यांच्या आकाराचा नंबर) काडतुसात अमेरिकन मापाने सुमारे ३५० छर्रे येतात. ४० यार्डांवर त्यातले २१० वर्तुळात आले तर ६० टक्के, म्हणजे ट्यूबवर काहीही लिहिलेलं असो, तुमची बंदूक त्या काडतुसाने मॉडिफाइड मारते आहे.

टक्केवारीपेक्षा मी दोन गोष्टींकडे जास्त बघतो. एक, वर्तुळात तबकडी मावेल एवढी रिकामी जागा कुठे राहते आहे का. दोन, दाट भागाचा मध्य ठिपक्यावर आहे की बाजूला. प्रत्येक ट्यूब वारंवार एकाच बाजूला मारत असेल तर दोष नळीचा किंवा दस्त्याचा. एकच ट्यूब मारत असेल तर ती ट्यूब वाकडी बसते आहे. एका कागदावरून निकाल देऊ नका, एकाच डब्यातली निदान पाच काडतुसं हवीत. काडतूस बदललं की मोजणी पुन्हा. एवढं झालं की बहुतेकांच्या पाचपैकी दोनच ट्यूब कामाच्या उरतात. त्यांच्या आट्यांना पातळ ग्रीस लावून ठेवा आणि दर राउंडनंतर बंदूक रिकामी करून त्या ढिल्या झाल्या नाहीत ना, ते तपासा.